बाइंडची झोन फाइल रुसली तर काय बघायचं, कुठल्या क्रमानं

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं कारखान्याचं ऑफिस असो, कॉलेजची लॅब असो नाहीतर गल्लीतला केबल इंटरनेटवाला, ज्यांच्याकडं स्वतःचा बाइंड सर्व्हर (डोमेनच्या नावावरून आयपी पत्ता सांगणारा, म्हणजे डीएनएसचा) चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. कमांडची नावं इथं देवनागरीत दिसतील, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरात करा. उदाहरणाला चादर.एक्झाम्पल हे डोमेन घेतलंय, एक्झाम्पल ही शेपटी अशा नमुन्यांसाठीच राखून ठेवलेली असते.

पहिली गोष्ट, सर्व्हिस रीस्टार्ट करू नका. खरंच नका करू. झोन फाइलमध्ये (डोमेनची नावं आणि पत्ते, म्हणजे रेकॉर्ड, जिथं लिहिलेले असतात ती फाइल) चूक असताना तुम्ही आर-एनडीसी रीलोड (चालू बाइंडला फाइल परत वाचायला लावणारी कमांड) मारलं तर बाइंड नवी फाइल नाकारतो आणि मेमरीतली जुनी कॉपी तशीच देत राहतो, म्हणजे लोकांचं काम चालू राहतं आणि तुम्हाला दुरुस्तीला वेळ मिळतो. रीस्टार्ट केलं की ती जुनी कॉपी गेली, झोन लोडच होत नाही आणि विचारेल त्याला सर्व्हफेल, म्हणजे 'उत्तर देता येत नाही' ही एरर. याचीच दुसरी बाजू अशी की मंगळवारी कुणीतरी फाइल बिघडवली, रीलोड फेल झालं, कुणी लॉग बघितला नाही, आणि मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली, यूपीएस बसला, सर्व्हर परत चालू झाला तेव्हा सगळं बंद. मग सगळे लाइटीला शिव्या देतात आणि चूक आठवडाभर जुनी असते.

तर आधी लॉग. जर्नलसीटीएलला (लॉग दाखवणारी कमांड) नेम्ड युनिट (बाइंडच्या सर्व्हिसचं नाव) देऊन शेवटच्या ओळी वाचा, 'नॉट लोडेड ड्यू टू एरर्स' असं कुठं आहे ते शोधा, त्याच्या वरच्या एक-दोन ओळींत फाइलचं नाव आणि लाइन नंबर असतो. मग नेम्ड-चेकझोन चालवा, त्याला आधी झोनचं नाव आणि मग फाइलचा पाथ द्यायचा. बरोबर असेल तर सीरियल (फाइलचा आवृत्ती क्रमांक) दाखवून ओके म्हणतो. खूप झोन असतील तर नेम्ड-चेककॉन्फला मायनस झेड लावा, कॉन्फिगमधले सगळे प्रायमरी झोन (ज्यांची मूळ फाइल याच सर्व्हरवर असते ते) एकदम तपासून होतात.

पण लाइन नंबरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, तो जिथं बाइंड अडकला तिथला असतो, चूक बऱ्याचदा त्याच्या वर असते. नेहमीचा नमुना म्हणजे एसओएचा (झोनचा सीरियल आणि मुदती सांगणारा रेकॉर्ड) कंस. कुणीतरी शेवटच्या आकड्यापुढं अर्धविराम टाकून 'मिनिमम' अशी कॉमेंट लिहितो आणि बंद करायचा कंस त्याच ओळीत कॉमेंटनंतर टाकतो. झोन फाइलमध्ये अर्धविरामापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं कॉमेंट, त्यामुळं कंस बंदच झाला नाही, आणि एरर येते पुढच्या ओळीची नाहीतर पार फाइलच्या शेवटची. कंस नेहमी वेगळ्या ओळीवर टाका, हा विषयच संपतो.

बाकीच्या ओरडणाऱ्या चुका पटापट सांगतो. सीनेम (एका नावाला दुसऱ्या नावाकडं वळवणारा रेकॉर्ड) असलेल्या नावाला दुसरा कुठलाही डेटा चालत नाही (डीएनएससेकचे, म्हणजे सहीच्या सुरक्षेचे, रेकॉर्ड सोडून), म्हणून झोनच्या मूळ नावालाच सीनेम लावता येत नाही कारण तिथं एसओए आणि एनएस (नेमसर्व्हर सांगणारे रेकॉर्ड) असतातच. ए रेकॉर्डच्या (नावाचा आयपी पत्ता सांगणारा) नावात अंडरस्कोर असेल तर 'बॅड ओनर नेम' येतं, टीएक्सटी (मजकुराचा रेकॉर्ड) किंवा एसआरव्हीला (सर्व्हिस कुठं आहे ते सांगणारा) तोच अंडरस्कोर चालतो. डीकेआयएमची (मेलवरची सही तपासायची) २०४८ बिटांची की एका स्ट्रिंगमध्ये बसत नाही, एका स्ट्रिंगला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणून अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून शेजारी शेजारी ठेवायचे. परमिशन डिनाइड आलं तर फाइलचा मालक बघा, आणि रेडहॅट घराण्यातल्या सिस्टिमवर फाइल होम फोल्डरमधून एमव्ही करून आणली असेल तर एसईलिनक्सचं (लिनक्समधली जादा परवानगी-व्यवस्था) लेबल जुनंच राहतं, ते दुरुस्त करायला रिस्टोअरकॉन चालवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून रेकॉर्ड कॉपी करून टाकायची सवय आपल्याकडं फार आहे, त्यात अवतरणचिन्हं वाकडी होऊन येतात आणि बाइंडला फक्त सरळ कळतात. आणि भारत शेपटीचं मराठी डोमेन घेतलं असेल तर फाइलमध्ये देवनागरी नाव चालत नाही, एक्सएनने सुरू होणारं प्युनीकोड (इंग्रजी अक्षरांतलं) रूप लिहावं लागतं.

आता ज्या चुका गप्प बसतात त्या बघू, खरा त्रास यांचाच. चेकझोन ओके म्हणतो, लॉग स्वच्छ, आणि तरी काम होत नाही.

सगळ्यात मोठं म्हणजे शेवटचं टिंब. नावाच्या शेवटी टिंब नसेल तर बाइंड मागं झोनचं नाव जोडतो. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.चादर.एक्झाम्पल' असं टिंबाशिवाय डावीकडं लिहिलं की ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.चादर.एक्झाम्पल.चादर.एक्झाम्पल होतं, आणि हे नाव नियमानं एकदम बरोबर आहे म्हणून कुणी काही बोलत नाही. एनएस आणि एमएक्सच्या (मेल कुठल्या मशीनकडं जायची ते सांगणारा रेकॉर्ड) बाबतीत चेकर बहुतेक वेळा पकडतो, 'हॅज नो अ‍ॅड्रेस रेकॉर्ड्स' म्हणतो, कारण तसलं डबल नाव झोनमध्ये सापडत नाही. पण झोनमध्ये स्टारवालं वाइल्डकार्ड असेल तर तेही सापडल्यासारखं होतं आणि मेल भलत्याच मशीनकडं जायला लागतात. सीनेमचं टार्गेट आणि रिव्हर्स झोनमधलं (आयपीवरून नाव सांगणारं) पीटीआर तर तपासलंच जात नाही. यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे नेम्ड-चेकझोनला मायनस मोठा डी लावायचा, तो सगळे रेकॉर्ड पूर्ण नावानं छापून दाखवतो, त्यात 'चादर.एक्झाम्पल.चादर' ग्रेप करा, म्हणजे शोधा. काही सापडलं तर तिथं टिंब राहिलंय.

दुसरी चूक, ओळीच्या सुरुवातीची जागा. ओळ स्पेसनं सुरू झाली की तो रेकॉर्ड वरच्या नावाला चिकटतो. मध्ये कुणी नवीन ओळ घुसवली की खालचे सगळे रेकॉर्ड भलत्याच नावाचे होतात. म्हणून मी प्रत्येक ओळीवर नाव लिहितो, फाइल लांब झाली तरी चालेल.

तिसरी डीमार्कची, म्हणजे बनावट मेलचं काय करायचं ते सांगणाऱ्या टीएक्सटी रेकॉर्डची. त्या रेकॉर्डमध्ये अर्धविराम असतात, अवतरणचिन्हं विसरली की पहिल्या अर्धविरामानंतरचं सगळं कॉमेंट, उरतं फक्त व्हर्जन, आणि पॉलिसी लागूच होत नाही.

आणि मग सीरियल. फाइल बदलली पण सीरियल वाढवला नाही तर सेकंडरी सर्व्हर (प्रायमरीकडून झोनची कॉपी घेणारा) जुनंच देत राहतो, अर्ध्या लोकांना नवीन पत्ता आणि अर्ध्यांना जुना, अशी तक्रार आली की पहिला संशय इथंच घ्या. डिगला (डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड) प्लस एनएससर्च लावून झोनचं नाव द्या, सगळ्या नेमसर्व्हरचे एसओए एकाखाली एक दिसतील, सीरियल सगळीकडं सारखा पाहिजे. बहुतेक जण तारीख आणि पुढं दोन आकडे असा सीरियल ठेवतात, त्यात २०२५ च्या जागी २०५२ पडलं तर परत मागं येता येत नाही कारण सेकंडरीला लहान आकडा जुना वाटतो. सुटका आहे. सीरियल ३२ बिटांचा असतो आणि तुलना गोल फिरून होते (आरएफसी १९८२), म्हणून चुकीच्या आकड्यात २१४७४८३६४७ मिळवा, २०५२०६१२०१ चं ४१९९५४४८४८ होईल, बेरीज ४२९४९६७२९५ च्या वर गेली तर त्यातून ४२९४९६७२९६ वजा करा, रीलोड करा, सगळ्या सेकंडरींनी तो आकडा घेतल्याची खात्री करा आणि मगच २०२५०६१२०२ टाका. मधली खात्री टाळली तर सगळं फुकट.

सेकंडरी अजून एक गोष्ट झाकतो. प्रायमरी बंद पडला तरी तो एसओएमधल्या एक्स्पायरच्या मुदतीपर्यंत उत्तरं देत राहतो, १२०९६०० सेकंद असेल तर पूर्ण दोन आठवडे. टॉवेल एक्स्पोर्ट करणाऱ्या एका ऑफिसात मी हे बघितलंय, प्रायमरीवर झोन लोड नव्हता, कुणाला पत्ता नाही, मुदत संपली ती नेमकी सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या सुट्टीत आणि परदेशी गिऱ्हाइकांचे मेल परत जायला लागले. त्यामुळं प्रत्येक सर्व्हरला वेगळं विचारा, डिगला त्या सर्व्हरचा पत्ता आणि प्लस नोरेक ('पुढं दुसऱ्या कुणाला विचारू नको') द्या, उत्तरात एए फ्लॅग दिसला पाहिजे. तो नसेल तर तो सर्व्हर त्या झोनचा अधिकृत म्हणून बोलतच नाहीये.

डायनॅमिक अपडेट (प्रोग्रॅम स्वतःच रेकॉर्ड बदलतात ते) चालू असलेला झोन हातानं उघडू नका. आधी आर-एनडीसी फ्रीझ, मग एडिट, मग थॉ. नाहीतर जर्नल फाइल (अशा अपडेटची नोंद, जेएनएल) आणि झोन फाइल जुळत नाहीत, 'जर्नल आउट ऑफ सिंक' येतं, आणि मग जेएनएल फाइल बाजूला काढावी लागते ज्यात शेवटचे अपडेट जाऊ शकतात.

सवय एकच लावा, चेकझोन आणि रीलोड मध्ये दोन अँपरसँड टाकून एकाच ओळीत लिहा, तपासणी फेल झाली तर रीलोड होतच नाही.

दुरुस्तीनंतरही 'नाव सापडत नाही' असं कुणी म्हणालं तर घाबरून परत फाइलला हात लावू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशमध्ये राहतं, किती वेळ ते एसओएचा शेवटचा आकडा आणि त्याचा टीटीएल (कॅशमध्ये ठेवायची मुदत) यातला जो लहान असेल त्यावर ठरतं (आरएफसी २३०८, १९९८). तिथं ८६४०० असेल तर एक दिवस. मी ३०० ते ३६०० च्या मध्ये ठेवतो. ऑफिसचा रिझॉल्व्हर (लोकांसाठी नावं शोधून कॅशमध्ये ठेवणारा सर्व्हर) तुमच्याच ताब्यात असेल तर त्याच्यावर आर-एनडीसी फ्लशनेम आणि ते नाव द्या, निदान ऑफिसातल्या लोकांना लगेच दिसेल, बाहेरच्यांना मुदत संपेपर्यंत थांबायला सांगा.