हिवाळी सल्ला : मोरचुदाचा पंप ब्रोमेलियाडपासून लांब ठेवा

दिवाळीत भेट म्हणून आलेलं लालभडक गुझमानिया, म्हणजे ब्रोमेलियाडचाच एक प्रकार, सध्या नाशकातल्या बऱ्याच घरांत टीपॉयवर दिसतं. मळ्यातल्या घरांतही दिसतं, आणि काळजी करण्यासारखं आहे ते तिथंच. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकलेली, बाग कुठं पोंग्यात (नुकत्या फुटीत) तर कुठं घड दिसू लागलेले, ढग आले की डावणी या बुरशीरोगाची धास्ती. मग बोर्डो (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट आणि चुना यांचं मिश्रण), कॉपर ऑक्सिक्लोराइड, पुन्हा बोर्डो. द्राक्षाला तारणारं हे तांबं ब्रोमेलियाडला मात्र विष आहे.

कारण या झाडाच्या अंगातच आहे. ब्रोमेलियाड म्हणजे अननसाच्या कुळातली झाडं, मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. त्यांतली बरीचशी रानात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मुळं मुख्यत: धरून राहण्यापुरती. पाणी आणि अन्न घेतात ती पानं, त्यांच्यावरच्या बारीक खवल्यांतून. पानांच्या मधोमध पेला तयार होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं. म्हणजे पानावर जे पडेल ते थेट पोटात.

मी हे नुकसान करून शिकलो. पाठीवरचा पंप दोनदा विसळला होता, म्हणून त्यानंच ओट्यावरच्या कुंड्यांवर पाणी मारलं. आधी पानांची टोकं करपली, नंतर मधला कोंब नुसता धरला तर हातात आला. चार कुंड्या गेल्या. तेव्हापासून घरातल्या झाडांना हातात धरायचा वेगळा स्प्रेअर, आणि त्यावर रंगानं खूण केलेली. कुंड्या बांधाच्या बाजूच्या ओट्यावर असतील तर बागेत फवारणीचा ब्लोअर सुरू व्हायच्या आधी आत घ्या. वाऱ्यानं येणारा फवाराही पुरतो. चुकून फवारा बसलाच तर लगेच पेला उलटा करा आणि दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी भरून ओता. झाड लाकडाला बांधायला तांब्याची तार नको, आणि आजीनं तांब्याच्या हंड्यात भरून ठेवलेलं पाणी आजीनंच प्यावं.

दुसरा प्रश्न थंडीचा. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरतो, तेव्हा शेतकरी बागेत शेकोट्या पेटवतात. गुझमानियाला रात्री पंधराच्या आसपास तापमान लागतं. दहाच्या खाली गेलं की पानांवर डाग येतात, मधला भाग सडू लागतो. नोव्हेंबर ते जानेवारी कुंडी घरातच ठेवा, खिडकीच्या काचेला पान टेकू देऊ नका. पूर्वेची खिडकी उत्तम. निओरेगेलिया या दुसऱ्या ब्रोमेलियाडला उजेड जास्त हवा, नाहीतर त्याचा लाल रंग उतरून ते हिरवं पडतं. कडाक्याच्या रात्री पेला जवळजवळ रिकामा ठेवा, सकाळी कोमट उन्हात थोडं पाणी घाला.

पाणी कुठलं, हेही बघा. बोअरचं जड पाणी पानांवर पांढरा थर सोडतं आणि खवले बुजतात. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर ते सोन्यासारखं वापरा. पेला दर चार-पाच दिवसांनी ओतून टाकून नव्यानं भरायचा, कारण डेंग्यूचा डास असल्याच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. डास नकोत म्हणून त्यात रॉकेल-तेल ओतू नका, झाड गुदमरेल.

कुंडीत काळी माती अजिबात नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि थोडं कोकोपीट, बस. मळ्यातल्या माणसाला खत दिल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी थंडीत काही देऊ नका. फेब्रुवारीनंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा, तेही पेल्यात न ओतता कुंडीत.

‘फूल वाळलं, झाड मरतंय’ अशी तक्रार जानेवारीत हमखास येते. तो रोग नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं असतात, खरी फुलं त्यांच्या आत इवलीशी. हे झाड आयुष्यात एकदाच फुलतं आणि मग सावकाश वाळतं. दरम्यान केळीला फुटावेत तसे बुडाशी मुनवे फुटतात. वाळलेला दांडा कापा, पण आईला उपटू नका, मुनव्यांचं पोषण तीच करते. मुनवा आईच्या निम्म्या उंचीचा झाला की धारदार, स्वच्छ सुरीनं वेगळा करा. हे काम उन्हं तापू लागली की, फेब्रुवारीच्या अखेरीस.

पूर्ण वाढलेलं झाड फुलायला तयारच नसेल तर पेला रिकामा करा, कुंडीशेजारी एक पिकलेलं सफरचंद ठेवा आणि दोन्ही प्लास्टिकच्या पिशवीत आठ-दहा दिवस बंद करा, सावलीत. सफरचंदातून निघणारा इथिलीन वायू झाडाला फुलायला लावतो. फुलोरा दिसायला पुढे दोन-तीन महिने लागतात. छाटणीआधी पानगळीसाठी आपण मारतो त्या इथेफॉनमधूनही हाच वायू सुटतो. अननसाच्या बागेत एकसारखं फळ धरायला तेच वापरतात. म्हणून इथेफॉनचा फवारा उडाला तर कोवळे मुनवेही अवेळी फुलोऱ्यावर येतात, आणि मग वाढ खुंटते.

कुंडीला पैसे घालायचे नसतील तर बाजारातून आणलेल्या अननसाचा शेंडा पिळून काढा, खालची पानं सोलून दोन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि संक्रांतीनंतर थंडी ओसरली की कुंडीत लावा. शेंडा ताजा हिरवा बघून घ्या, मधली पानं ओढल्यावर निघत असतील तर तो आतून सडलेला असतो.