सिऱ्होसिस आणि ‘नॉर्मल’ क्रिएटिनिन: बायकांचा रिपोर्ट बघताना या चुका टाळा

“ताई, स्टार नाही ना कुठं?”

सोलापुरातल्या एका लॅबच्या काउंटरवर मी बसते, आणि रिपोर्ट हातात घेताना बहुतेकांचा हाच प्रश्न असतो. आकडा रेंजबाहेर गेला की त्यापुढं स्टार छापून येतो. स्टार नाही म्हणजे सगळं ठीक, असा हिशेब. लिव्हर सिऱ्होसिस, म्हणजे लिव्हरला व्रण पडून ते कडक झालेलं, अशा बाईच्या किडनीबाबत हा हिशेब हमखास चुकतो.

मागच्या मे महिन्यात विड्या वळणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. हातापायाच्या काड्या, पोट मात्र पाण्यानं फुगलेलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, 0.9. छापलेली रेंज 0.6 ते 1.2, म्हणजे स्टारचा प्रश्नच नाही. मुलगा खूश होऊन निघालाच होता. त्याच्या पिशवीत रबर लावलेली जुन्या रिपोर्टांची गुंडाळी दिसली म्हणून मागून घेतली. दोन महिन्यांपूर्वीचा आकडा 0.5 होता. म्हणजे 80 टक्के वाढ! सिऱ्होसिसमध्ये आकडा 48 तासांत 0.3 नं वाढला किंवा आधीच्या दीडपट झाला, तर डॉक्टर किडनीला अचानक इजा झाल्याचं धरतात. आधीचा म्हणून गेल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट चालतो. मुलाला म्हटलं, दोन्ही कागद घेऊन आजच्या आज डॉक्टरांकडे जा. मावशींच्या लघवीच्या गोळ्या थांबवल्या, अल्ब्युमिन हे प्रथिन शिरेतून चढवलं, चार दिवसांनी घरी सोडलं.

आकडा एवढा खाली का?

क्रिएटिनिन तयार होतं स्नायूंत, पण त्याचा कच्चा माल, म्हणजे क्रिएटिन, मुख्यतः लिव्हर पुरवतं. सिऱ्होसिसमध्ये लिव्हर थकलेलं आणि स्नायू झिजलेले, त्यामुळं किडनी बिघडली तरी आकडा फारसा वर सरकत नाही. बायकांचे स्नायू मुळातच कमी, म्हणून फसगतही जास्त. त्यात कावीळ असेल तर नळीतलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, हळदीच्या पाण्यासारखं दिसतं, आणि जाफे या स्वस्त, सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत काविळीच्या त्या पिवळ्या बिलिरुबिनमुळं क्रिएटिनिन खरं असतं त्यापेक्षा कमी येऊ शकतं. कावीळ असेल तर एन्झाइम पद्धतीनं तपासणी होते का, हे लॅबमध्ये खुशाल विचारा. आम्हाला राग येत नाही.

नवऱ्याच्या आकड्याशी तुलना

“यांचं पण 1.0, माझं पण 1.0.” किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, काढायच्या 2021 च्या सूत्रात (CKD-EPI) वय 55 धरून घातलं तर 1.0 ला पुरुषाची ती सुमारे 89 येते आणि बाईची सुमारे 67. तीही स्नायू बऱ्यापैकी असलेल्या बाईची. सिऱ्होसिसमध्ये प्रत्यक्षात याहून कमी असण्याचीच शक्यता जास्त. तुलना करायची तर स्वतःच्याच जुन्या रिपोर्टशी, तीही शक्यतो त्याच लॅबच्या. जुने कागद रद्दीत घालू नका.

किडनीच्या रिपोर्टातला दुसरा आकडा, युरिया, नॉर्मल आला म्हणूनही निर्धास्त राहू नका. युरिया लिव्हरच बनवतं. ते थकलं, जेवण तुटलं की तो कमी दिसतो, आणि पोटात रक्तस्राव झाला तर उलट चढतो.

मोबाइलवर मेल्ड स्कोअर काढणं

लिव्हर किती आजारी आहे हे सांगणारा हा स्कोअर प्रत्यारोपणाच्या यादीसाठी वापरतात. त्यात 1.0 च्या खालचं क्रिएटिनिन 1.0 च धरतात. म्हणजे मावशींचं 0.5 वरून 0.9 झालं तरी स्कोअर जागचा हलणार नाही! बायका यादीत मागं पडतात हे लक्षात आल्यावर मेल्ड 3.0 आला. त्यात बाईला 1.33 गुण जास्त मिळतात, आणि अमेरिकेत तो 2023 पासून लागू आहे. तुमच्या ॲपमध्ये स्त्री की पुरुष हे विचारतच नसेल, तर ते जुनं सूत्र आहे. पण ही 0.5–0.9 ची गोम नव्या सूत्रातही तशीच आहे.

सिस्टॅटिन सी कधी?

ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी. क्रिएटिनिनचा आकडा आणि माणूस जुळत नसेल तेव्हा करतात. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळं स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. पण स्टिरॉइड चालू असेल, थायरॉइड बिघडलेलं असेल किंवा अंगात जंतुसंसर्ग असेल, तर तेही चकवतं. तपासणी महाग आहे, म्हणून डॉक्टरांना विचारूनच करा.

घरातल्या चुका

दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या की कंबर दुखते, मग मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन येते. सिऱ्होसिसमध्ये या गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. गोळी घरात आणण्याआधी डॉक्टरांना फोन करा. पोट फुगलं म्हणून लघवीची गोळी आपल्या मनानं वाढवू नका. शेंगाचटणीतलं मीठ आधी मोजा, सोलापूरकरांना कितीही जड गेलं तरी. आणि आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात जुलाब-उलट्या लागल्या, किंवा लॅक्टुलोज या पोट साफ करायच्या औषधानं दिवसात पाच-सहा वेळा जावं लागलं, तर त्याच दिवशी कळवा. अशा वेळी लघवीच्या गोळ्या बहुधा थांबवाव्या लागतात.

त्या मावशी आता रिपोर्ट न्यायला स्वतः येतात. स्टार विचारत नाहीत. “मागल्या बारीला किती होतं गं?” म्हणतात.