भाजकं वाटप बिघडतं कुठे? या चुका टाळा

सांबार पातळ झालं तर आटवता येतं, तिखट झालं तर नारळाचं दूध घालता येतं. वाटपच, म्हणजे कांदा-खोबरं भाजून वाटलेलं वाटणच, बिघडलं तर पुढे काहीही घाला, चव येत नाही. मालवण-वेंगुर्ल्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबार असो की वड्यांबरोबरचा कोंबडीचा रस्सा, सगळा जीव त्या भाजक्या कांदा-खोबऱ्यात असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कांदा आणि ओलं खोबरं एकदम कढईत टाकणं. कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. ते उडाल्याशिवाय कांदा लाल होत नाही. खोबऱ्यात पाणी त्याच्या निम्मंच आणि वर स्वतःचं तेल, त्यामुळे ते लवकर भाजतं. कांद्यासाठी थांबलात तर खोबरं करपतं, खोबऱ्याकडे बघून कढई उतरवलीत तर कांदा कच्चा राहतो. म्हणून दोन्ही वेगवेगळं भाजा.

दोन मध्यम कांदे पातळ उभे चिरून चमचाभर तेलात टाका आणि मध्यम आचेवर पंधरा मिनिटं तरी द्या. गॅस मोठा केला तर नुसत्या कडा काळ्या होतात. आधी कांदा काचेसारखा दिसतो, मग कढईला चिकटायला लागतो, कडा लालसर होतात आणि कढईभर दिसणारा कांदा मूठभर होतो. डोळ्यांना झोंबणारा वास जाऊन गोडूस वास सुटला की कांदा झाला.

खोबरं मंद आचेवर, हात न थांबवता परता. तांबूस झालं की लगेच ताटात काढा, कारण लोखंडी कढई गॅस बंद केल्यावरही भाजत राहते. काळे कण दिसले तर वाटण्याआधी चिमूटभर चाखून बघा. कडू लागलं तर सरळ टाकून द्या. गुळाने तो कडूपणा झाकला जात नाही, हे मी नारळ वाया घालवून शिकले आहे.

गरम वाटप मिक्सरला लावू नका, वाफेने झाकण उडतं. पाणीही सुरुवातीला ओतू नका. पातळ मिश्रण नुसतं गरगर फिरतं आणि खोबऱ्याची कणी तशीच राहते. आधी कोरडं फिरवा, मग चमच्या-चमच्याने पाणी घालत गंधासारखं मऊ वाटा.

माशांचं कच्चं वाटप वेगळं. बांगड्याच्या आमटीत तिरफळं (मसाल्याची उग्र वासाची छोटी सुकी फळं) वाटपाबरोबर वाटली तर आमटी कडवट होते. काळं बी काढून तिरफळं नुसती ठेचायची आणि उकळत्या आमटीत सोडायची. सोलं, म्हणजे आमसुलं, शेवटी. त्यानंतर खळखळ उकळलं तर ओल्या खोबऱ्याची आमटी फुटते, तेव्हा एक हलकी उकळी आली की गॅस बंद.

उरलेलं भाजकं वाटप फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं. जास्त दिवस ठेवायचं तर एका वेळेपुरते गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवा. आंबूस वास आला तर मात्र फोडणीत घालू नका.