ब्रिटनचा राजकारणी किअर स्टार्मर समजून घ्यायचाय? मग सुरुवात कोर्टापासून करा

निवडणुकांपासून वाचायला घेऊ नका, सगळा गोंधळ होतो. आधी घर बघा, जन्म १९६२, वडील टूलमेकर, आई नर्स, लीड्सला लॉ केलं, मग ऑक्सफर्ड, १९८७ ला बॅरिस्टर.

आता थांबा आणि मॅकडोनाल्ड्स या बर्गर कंपनीची केस नीट वाचा, ही सोडू नकाच. एक माळीकाम करणारी बाई आणि एक माजी पोस्टमन, कंपनीविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून कंपनीने दोघांवर बदनामीचा दावा ठोकला, लीगल एड, म्हणजे वकिलासाठी सरकारी पैसा, मिळेना, वकील करायला पैसे नाहीत, तेव्हा स्टार्मरने वर्षानुवर्षं फुकट मदत केली. खटला ३१३ दिवस चालला! २००५ ला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाने सांगितलं की लीगल एड नाकारून ब्रिटनने त्यांच्यावर अन्याय केला. मला तर हाच माणूस जास्त भावतो.

मग २००८ ते २०१३ बघा, इथे बाजू पलटते, आता तो सरकारी खटल्यांचा प्रमुख. दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचा, त्याचा सावधपणा कुठून आला ते कळायला लागतं.

पुढचं पटापट होतं, २०१५ खासदार, २०२० लेबर पक्षाचा नेता, जुलै २०२४ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान.