बचत गटातील बायकांना पुढे आणताना या चुका टाळा

बचत गटात 10 ते 20 जणी असतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत नोंदी ही पंचसूत्री एकट्या अध्यक्षांच्या बळावर कधीच चालत नाही. बैठकीला सगळ्यांना गोळा करणारी वेगळी असते आणि थकलेला हप्ता न भांडता वसूल करून आणणारी वेगळी. ज्या त्या बाईचा गुण हेरून तो चारचौघींत बोलून दाखवणे हे प्रेरिकेचे, म्हणजे गट बांधून चालवायला मदत करणाऱ्या कार्यकर्तीचे, पहिले काम आहे, असे मी मानते. आणि नव्या प्रेरिका नेमक्या तिथेच चुकतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शिक्षण आणि बोलकेपणा यांनाच गुण समजणे. बारावी झालेली ती सचिव, धीटपणे बोलणारी ती अध्यक्ष, असे पहिल्याच बैठकीत ठरते आणि बाकीच्या सही-अंगठ्यापुरत्या उरतात. मी स्वतः ही चूक केली आहे. एका गटात हिशेब लिहिण्यासाठी मी एका शिकलेल्या सुनेला निवडले, तिच्या सुबक अक्षराचे भर बैठकीत कौतुक केले आणि भिंतीला टेकून बसलेल्या एका निरक्षर मावशींकडे पाहिलेही नाही. एकीने दरमहा शेकडा 2 रुपये व्याजाने 3000 रुपये घेतले होते. पहिल्या महिन्यात तिने 360 रुपये भरले, म्हणजे 60 व्याज आणि 300 मुद्दल. पुढचे व्याज 2700 रुपयांवर, 54 रुपये यायला हवे होते. वहीत पुन्हा 60 लिहिले गेले आणि हे कितीतरी महिने चालले. शेवटी तिच्या घरच्यांनी भांडण काढले आणि तिघींनी बचत थांबवली. मी वह्या घेऊन ओसरीवर बसले, तेव्हा त्या मावशींनी बोटांच्या पेरांवर मोजत, कोणी कोणत्या बैठकीत किती रुपये दिले ते सांगितले. वैयक्तिक पासबुकांशी ताडून पाहिले, तर एकही आकडा चुकलेला नव्हता. आधी का बोलला नाहीत, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “ज्यांना लिवता-वाचता येतं त्यांनाच तुम्ही इचारता, ताई.”

सुनेकडचे काम मी काढून घेतले नाही, कारण तिचे अक्षर खरोखरच चांगले होते. तिने प्रत्येक नोंद मोठ्याने वाचायची आणि मावशींनी होकार दिल्यावरच पुढे जायचे, असे ठरवले. तेव्हापासून प्रत्येक बैठकीनंतर मी माझ्या वहीत एकेका सभासदाच्या नावापुढे त्या दिवशी तिने केलेली एक गोष्ट लिहिते. जिच्यापुढे जागा रिकामी राहते, तिच्याकडे माझे लक्ष नव्हते, एवढाच त्याचा अर्थ मी घेते.

“सगळ्याच छान काम करता” हे वाक्य बोलूच नये. “तिच्यासारखे करा” हे तर त्याहून वाईट, कारण त्याने एकीला संकोच वाटतो आणि बाकीच्यांना राग येतो. वसुली चांगली जमते म्हणून गावातली सगळी वसुली एकीच्याच गळ्यात मारणे हेही कौतुक नव्हे.

दुसरी मोठी चूक बँकेत होते. कर्जासाठी गट किमान 6 महिने नियमित चाललेला असावा लागतो. एवढे महिने बायकांना तुम्ही हुशार आहात असे सांगायचे आणि शाखाधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारताच उत्तर आपणच द्यायचे, हे मी असंख्य वेळा पाहिले आहे. काम लवकर उरकते, हे खरे. पण त्या एका उत्तराने आधीचे सगळे कौतुक खोटे ठरते आणि पुढच्या वेळी बायका प्रेरिकेशिवाय बँकेची पायरी चढत नाहीत. ज्यांना ही घाई आवरत नाही, त्यांनी बँकेत जाऊच नये. मी बाहेरच्या बाकावर बसते. आत आवाज थांबला, कोणी दाराकडे वळून माझ्याकडे पाहिले, तरी उठत नाही. थोड्या वेळाने कोणीतरी बोलायला लागतेच, आणि बहुतेक वेळा ती अध्यक्ष नसते.