कुत्र्यासाठी कोरडं खाद्य निवडताना

पिशवीच्या दर्शनी बाजूपेक्षा मागचा मजकूर महत्त्वाचा. हे खाद्य 'संपूर्ण व संतुलित' आहे का, आणि कोणत्या वयासाठी, हे आधी पाहा. तसं लिहिलेलं नसेल तर रोजचं जेवण म्हणून ते देऊ नका. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या 'आफ्को' या संघटनेच्या मानकांनुसार, पाणी वगळून मोजलेली प्रथिनं पिल्लांसाठी किमान २२.५ टक्के आणि प्रौढ कुत्र्यांसाठी १८ टक्के लागतात. स्निग्धांश अनुक्रमे ८.५ आणि ५.५ टक्के.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि फसगत होते ती इथेच. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, म्हणून ते यादीत पहिलं येतं. पाणी उडालं की त्याचा वाटा बराच घटतो. 'चिकन मील' (कोंबडीची पूड) मात्र आधीच सुकवलेलं असतं, त्यामुळे ते तिसऱ्या क्रमांकावर दिसलं तरी कमी लेखू नका.

मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियम मिळालं तर हाडांची वाढ बिघडते. त्यांच्यासाठी बनवलेलंच खाद्य घ्या, वरून कॅल्शियम अजिबात नको.

खाद्यातला बदल ७ ते १० दिवसांत करा: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. घाई केली की जुलाब लागतात. पूर्ण बदलानंतरही शी पातळच राहिली किंवा कुत्रा सतत कान खाजवत, पंजे चाटत असेल, तर पशुवैद्यांना दाखवा.