डाळिंबाच्या फवारणीचे औषध मिलीत कसे मोजावे

सांगोला-मंगळवेढ्याकडे डाळिंबावर फवारताना औषध बाटलीच्या झाकणाने मोजू नका. प्रत्येक झाकणाचे माप वेगळे. सुई काढलेली १० मिलीची सिरिंज सर्वांत बरी. १ मिली म्हणजेच १ सीसी, १००० मिलीचा १ लिटर. लेबलवर लिटरला ०.५ मिली असेल, तर १६ लिटरच्या पंपाला ८ मिली. दशांश चिन्ह नीट पाहा: ०.५ चे ५ वाचले की औषध दहापट होते, पाने-फुले करपू शकतात. सिरिंजमध्ये बुडबुडा राहिला तर औषध कमी भरते. टोक वर धरून हवा काढा. मोजपात्र असेल तर सपाट जागी ठेवा, डोळे पातळीला आणून वाचा. पंपात आधी निम्मे पाणी, मग औषध, मग उरलेले पाणी. हातमोजे घालाच, आणि ही सिरिंज घरात कधीच वापरू नका.